तीन ठशांची बिस्कुटं

नणंदेच्या तोंडात बोटं घालून मी बिस्कुट बाहेर काढत होते आणि ती माझी बोटं चावत होती. चौदा वर्षांची पोर. एकवीस दिवसांच्या मुदतीच्या तापानं हातापायांच्या काड्या झाल्या होत्या, पण जबड्यात जोर होता. शेजारी सासू उभी होती, हातात डब्याचं झाकण.

"सोड वं तिले! मारतं का पोरीले?"

"तुम्हीच मारून राहिल्या तिले, आत्याबाई."

अर्धा घास निघाला. बाकीचं तिनं गिळलं आणि माझ्याकडे बघून ओठ पुसले. मी नळावरून पाणी आणायला गेले होते, तेवढ्यात हे झालं होतं.

ताप उतरला त्या दिवशी डॉक्टरांनी आम्हा सगळ्यांना खाटेजवळ बोलावून सांगितलं होतं. आतडं ओल्या कागदासारखं झालं आहे. दहा दिवस पातळाशिवाय काही द्यायचं नाही. टणक काही गेलं आणि आतडं फाटलं, तर माझ्या हातात काही राहणार नाही, असं ते म्हणाले. त्याला पाचच दिवस झाले होते.

मग घरात बिस्कुटं आलीच कशी, तर ती मीच केली होती.

डॉक्टरांनी जईची, म्हणजे ओटची, लापशी सांगितली होती. जईचा डबा नवऱ्यानं सीताबर्डीच्या औषधाच्या दुकानातून आणला. सासू म्हणाली, "हे तर टांग्याच्या घोड्याले घालतात." नणंदेनं ऐकलं, आणि पहिलाच घोट थुंकला. दोन दिवस तिनं भिंतीकडे तोंड केलं. न खाताही ती मेलीच असती. म्हणून मी सौदा केला. रोज चार वाट्या लापशी प्यायची, दहा दिवस झाले की याच जईची बिस्कुटं मिळतील, आणि त्यात काय घालायचं ते तू सांगायचं.

मग काय, बाई पडल्या पडल्या हुकूम सोडू लागली. "संत्र्याची साल घाल, साखरेत घोळून. चारोळी घाल. आणि जवस, भाजून."

"जवस बिस्कुटात कोण घालते वं?"

"मी घालते. तुले काय करायचं आहे?"

करायला घाई केली ती दिवाळीमुळे. आमच्या विणकरांच्या वस्तीत ओव्हन कोणाकडे असणार? कोपऱ्यावर पावाची भट्टी होती. पाव निघाले की भट्टीवाला उरलेल्या आचेवर बायकांच्या थाळ्या भाजून द्यायचा. दिवाळी चार दिवसांवर आली की तिथे नानखटाईवाल्या बायकांची रांग लागायची, माझा नंबर कधी आलाच नसता. म्हणून चौथ्याच दिवशी मी कणीक, तूप, पिठीसाखर आणि जई घेऊन गेले.

भट्टीवाल्यानं थाळीत वाकून बघितलं. "बहन, ये नानखटाई है कि तांगे का चारा?"

"तुम आग देखो," मी म्हटलं.

पहिली थाळी पसरून एकच पापड झाला. तो हसला, मी नाही हसले. दुसऱ्या थाळीला कणीक वाढवली, तेव्हा जमलं. सगळ्यांच्या थाळ्या सारख्याच दिसतात, म्हणून प्रत्येक घर आपली खूण करायचं. कोणी लवंग टोचायचं, कोणी काट्यानं रेघा ओढायचं. आम्ही मागावरच्या धोट्यातली, सूत गुंडाळायची कांडी घेऊन तिच्या टोकाचा गोल ठसा दाबायचो. त्या दिवशी मी एक ठसा संत्र्याच्या सालीला दिला, दोन चारोळीला आणि तीन जवसाला. तीन प्रकारची, प्रत्येकी दहा. डबा फळीवर ठेवला, पोरीला दिसेल असा. तिनं त्याच्याकडे बघत बघत लापशी प्यावी, असा माझा विचार. आता कळतं, उपाशी पोरीपुढे तो डबा ठेवणं हाच मूर्खपणा होता.

पोरीनं बिस्कुटं खाल्ल्याचं कळताच नवरा माग सोडून धावत आला आणि तसाच डॉक्टरांकडे गेला. ते सायकलवरून आले. त्यांनी पोट दाबलं, नाडी बघितली आणि विचारलं, "काय होतं त्यात?"

मी डबा ओतला आणि ठसे बघून वेगवेगळे ढीग केले. चारोळीची दहा. जवसाची सात. एका ठशाची आठ.

"जवसाची तीन," मी म्हटलं. "एक अर्धं मी काढलं."

डॉक्टरांनी डोळे मिटले. "अख्खे दाणे?"

"अख्खे."

"पोटात कळ आली, पोट लाकडासारखं घट्ट झालं, शौचातून रक्त पडलं, तर लगेच दवाखान्यात आणा. तीन दिवस काढायचे आहेत." एका ठशाची दोन कुठे गेली, ते त्यांनी विचारलं नाही.

ते गेल्यावर नवरा आईवर ओरडला. त्याला मी तसं ओरडताना कधी बघितलं नव्हतं. "तुले डॉक्टरनं सांगितलं नव्हतं का माय? काहून दिलं?"

सासू म्हणाली, "ते रडून राहिली होती."

एवढंच. मला माहीत होतं ती अजून काय म्हणू शकली असती. आमच्या लग्नाच्या आधी याच तापात तिचा धाकटा मुलगा गेला होता. तेव्हाच्या वैद्यानं त्याला नुसत्या पाण्यावर ठेवलं होतं. तो भाकर मागत होता. तिनं सांगितल्याप्रमाणे दिली नाही, आणि तो भाकर मागत मागतच मेला. हे ती माझ्या नवऱ्याला बोलली नाही, कारण त्यालाही ते माहीत होतं.

दुसरी एक गोष्ट मात्र त्याला माहीत नव्हती. एका ठशाची दोन बिस्कुटं मी आदल्या दिवशी, भट्टीवरून आल्या आल्या, दुधात पार विरघळवून नणंदेला चमच्यानं पाजली होती. साली काढून टाकल्या होत्या, पण दिली होती. वाटलं, एवढ्यानं काय होते. सासू तेव्हा दारात उभी होती. तिनं बघितलं होतं. सुनेनं दिलं म्हणजे चालत असेल, असंच तिला वाटलं असणार.

नवरा ओरडत होता आणि ती एकदा माझ्याकडे बघून खाली बघायला लागली. मी तोंड उघडलं नाही. मी घाबरले होते, दुसरं कारण नाही.

तीन दिवस आम्ही दोघी आळीपाळीनं पोरीच्या पोटावर हात ठेवून बसलो. मऊ आहे का, एवढंच एकमेकींना विचारायचो. दुसऱ्या दिवशी तिला कळ आली, सासू नवऱ्याला मागावरून उठवायला धावली, पण तो येईपर्यंत कळ गेली आणि पोट मऊच होतं. नणंद मधूनच म्हणायची, "लई चांगले झाले होते वं, वहिनी. जवसाचेच चांगले." मी तिला चूप बस म्हटलं.

चौथ्या सकाळी डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं. मऊ होतं. ते म्हणाले, "लापशी चालू ठेवा. आणि तो डबा घरातून काढा."

डबा मी टांगेवाल्याला दिला. त्याच्या घोड्यानं चारोळीची, जवसाची, सगळी खाल्ली.

सासू त्यानंतर नऊ वर्षं जगली. तिनं ती गोष्ट कधी काढली नाही, मीही काढली नाही. तिची तेरवी झाल्यावर मी नवऱ्याला सांगितलं की सुरुवात मी केली होती. त्यानं हातातली कांडी भरून धोट्यात घातली. मग म्हणाला, "तवाच सांगायचं होतं." बरोबर होतं त्याचं.

आता तोही नाही. नणंद वाचली. ती उमरेडला लेकाकडे असते, तोंडात एकही दात नाही, आणि जवसाची चटणी अजून खाते.