नानांचं उड्डाण आणि आमचा शहाणा ड्रोन

दिवाळीच्या फराळाचे डबे रिकामे होत आले होते, तेव्हा एका सकाळी नानांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, चहा पिता पिता सांगून टाकलं की त्यांना पॅराग्लायडिंग करायचंय. नाना चौऱ्याहत्तर वर्षांचे. गुडघे ठणठणीत, रक्तदाब गोळीवर. सगळी नोकरी हवाई दलात, पण जमिनीवरची. विमानांच्या पंखांची आणि सांगाड्याची दुरुस्ती हे त्यांचं काम. इतकी वर्षं दुसऱ्यांना वर पाठवलं, आता एकदा आपण जाऊन बघतो, एवढंच म्हणाले.

त्यावर निखिलचं, माझ्या नवऱ्याचं, पहिलं वाक्य होतं, "भारी, मी शूट करतो."

निखिलने नुकताच ड्रोन घेतला होता. तेव्हापासून आमच्या आणि शेजारच्या सोसायटीतल्या पाण्याच्या टाक्या वरून कशा दिसतात हे मला तोंडपाठ झालं होतं. हा ड्रोन म्हणे माणसाचा चेहरा ओळखतो, सांगितलं की त्याच्या मागे मागे जातो, अडथळा दिसला की थांबतो आणि बॅटरी संपत आली की आपणहून घरी परततो. यातलं काहीच निखिलला स्वतःला धड जमत नाही, म्हणूनच बहुधा त्याला एवढं कौतुक असावं.

तुम्हीही जाणार असाल तर आधी कामाचं सांगते. कामशेतच्या डोंगरांवर पावसाळा संपला की उन्हाळ्यापर्यंत पॅराग्लायडिंग चालतं. अनुभवी पायलट तुम्हाला आपल्या पुढ्यात बांधून घेऊन उडतो. माणशी अडीच-तीन हजार रुपये पडतात. नानांच्या वयामुळे आमच्याकडे डॉक्टरांचं पत्र मागितलं होतं. दिलेली वेळ पाळण्याची सक्ती वाऱ्यावर नसते, त्यामुळे एक दिवस हाताशी जास्त ठेवा. आम्ही शनिवारी लोणावळ्याला राहायचं आणि रविवारी परतताना कामशेत करायचं ठरवलं. शक्य असेल तर तुम्ही मधला वार निवडा, आमच्यासारखा गाढवपणा करू नका.

शनिवारी उजाडता कोथरूडहून निघालो. देहूरोड, तळेगाव, वडगाव असा जुना रस्ता धरला. वडगावपर्यंत झकास आलो. पुढे वलवणच्या अलीकडे गाड्या अशा चिकटल्या की लोक दारं उघडून खाली उतरून उभे राहिले. आमच्या डोक्यावर एक जाहिरातीचा फलक होता. त्यावर चार पंख्यांची एक चकचकीत टॅक्सी ढगांतून चाललेली, आत हसणारं कुटुंब, आणि खाली लिहिलेलं, पुणे-लोणावळा आता काही मिनिटांत. कधी, ते बारीक अक्षरांत होतं आणि ते निखिललाही वाचता आलं नाही. तरी तो बॅटऱ्यांबद्दल आणि पायलटविना उडणाऱ्या यंत्रांबद्दल बराच वेळ बोलला. नानांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि ही इतकी वाहनं लोणावळ्यात उतरणार कुठे, एवढंच विचारलं. निखिल म्हणाला, त्याचं सॉफ्टवेअर येईल. तोवर आमची गाडी दोन हात पुढे सरकली होती.

लोणावळ्याबद्दल नवं काय सांगणार. चिक्कीच्या दुकानांपुढे चिक्की घेणाऱ्यांपेक्षा गाडी लावायला जागा शोधणारे जास्त होते. भुशी धरणाच्या पायऱ्यांवर थंडीत पाणी नसतं. तरी तिथे गर्दी होती आणि कोरड्या पायऱ्यांवर बसून लोक पाण्यात बसल्यासारखे फोटो काढत होते. आम्ही न थांबता कुरवंड्याला गेलो. तिथे एका घरी दोन खोल्या मिळाल्या होत्या. घरच्या मावशींनी पिठलं, भाकरी, ठेचा आणि वाफाळता इंद्रायणी भात वाढला. या सगळ्या सहलीत बिनशर्त कौतुक करावं असं ते जेवण होतं.

संध्याकाळी नागफणीच्या कड्याकडे चालत गेलो. वाटेवर ड्रोनला मनाई असल्याचा फलक आहे, कारण संरक्षण खात्याची हद्द जवळ आहे. त्या फलकापासून दगडाच्या अंतरावर लग्नाआधीचे फोटो काढणारी जोडपी रांगेत उभी होती. लांब शेपटाचा लाल झगा घातलेली एक मुलगी कड्याकडे तोंड करून हात पसरायची, डोक्यावर ड्रोन घिरट्या घालायचा, आणि मग ती बाजूला होऊन दुसरी, बहुतेक त्याच भाड्याच्या झग्यात, तिथे उभी राहायची. निखिलने फोनवर नकाशा उघडून दाखवला. आम्ही उभे होतो तो भाग लाल होता, म्हणजे उडवायचं नाही. या बेजबाबदार लोकांमुळे आमच्यासारख्यांचं नाव खराब होतं, असं तो परतीच्या वाटेवर पुन्हा पुन्हा म्हणाला.

मावशींना हे सांगितल्यावर त्या भाकरी थापता थापता म्हणाल्या, "लय येत्यात असली. मागं एक आमच्या म्हशीवर आलतं उडत. म्हस खुटा उपटून जी पळाली, ती सांज झाली तरी गावंना. इचारलं तर म्हनत्यात, मावशी, तुमची म्हस लय मस्त आलीय व्हिडिओत."

निखिलसुद्धा हसला.

रविवारी कामशेतच्या बाजारात मिसळ खाऊन डोंगराकडे निघालो. शेवटचा चढ जीपने. वर बोडका माळ, खाली भाताची कापून रिकामी झालेली खाचरं, पलीकडे पवनेचं पाणी. आमचे पायलट किसनभाऊ तिथे वाऱ्याकडे तोंड करून बसले होते. चाळिशी ओलांडलेला, खालच्याच गावचा माणूस. त्यांनी नानांचं डॉक्टरांचं पत्र पाहिलं, मग नानांना थोडं पळून दाखवायला सांगितलं. नाना पळाले. मग किसनभाऊंची नजर निखिलच्या खांद्यावरच्या पेटीवर गेली आणि ड्रोन असेल तर तो खालीच ठेवा, आम्ही हवेत असताना चालणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. निखिलने लगेच फोन पुढे केला. इथला नकाशा हिरवा होता.

"असंल हिरवा," किसनभाऊ म्हणाले. "पण वर आमी असतो ना, सायेब."

निखिलने मान डोलावली. मी शेजारीच उभी होते. त्याने मान डोलावलेली मी पाहिली.

वारा जुळून यायला दुपार झाली. तोवर नाना आणि किसनभाऊ यांची छान गट्टी जमली होती. माळावर पसरलेल्या त्या मोठ्या कापडी पंखाची शिवण नानांनी बोटांनी चाचपून पाहिली, दोऱ्या एकेक करून हातातून सोडल्या, आणि किसनभाऊंनी त्यांना सगळं पाहू दिलं. मग नानांना पट्ट्यांनी बांधलं, डोक्यावर हेल्मेट चढवलं. पंख वाऱ्याने फुगून डोक्यावर उभा राहिला, किसनभाऊ म्हणाले, "पळा आबा," आणि नाना पळाले. चार ढांगा टाकल्या असतील. पाचवी हवेतच पडली.

मला रडू येईल असं वाटलं नव्हतं, पण आलं. ज्या माणसाला मी लग्नापासून गच्चीवर कपडे वाळत घालताना आणि भाजी निवडताना पाहिलं, तो माणूस डोंगराच्या कडेवरून अलगद निघून गेला आणि डोंगरधारेला समांतर, पाय सोडून, झोक्यावर बसल्यासारखा जाऊ लागला.

तेवढ्यात मागून भुणभुण ऐकू आली. निखिल एका खडकाआड उभा होता, फोनवर नानांच्या आकृतीभोवती त्याने एक चौकोन काढला होता, आणि ड्रोन त्या चौकोनाच्या मागे निघाला होता.

मी त्याला म्हटलं, परत आण तो, त्यांनी नको म्हणून सांगितलंय. तो स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला, "अगं, तो स्वतः अंतर ठेवतो. चारी बाजूंनी सेन्सर आहेत. आपल्यापेक्षा हुशार आहे तो."

धारेच्या टोकाला जाऊन किसनभाऊंनी पंख वळवला आणि ते आमच्या दिशेने परत येऊ लागले. ड्रोन मागेच होता, तो आता समोर आला. त्या हुशार यंत्राने माणूस ओळखला, माणसापासून अंतरही ठेवलं. माणसाच्या आणि पंखाच्या मधे ज्या बारीक दोऱ्या असतात, त्या मात्र त्याला दिसल्याच नाहीत. तो बाजूला होता होता वर चढला आणि डावीकडच्या दोऱ्यांत घुसला. पंखाची डावी बाजू वाळत घातलेलं धोतर गळून पडावं तशी मिटली. दोघं एका अंगाला कलले आणि गोल फिरत खाली जाऊ लागले. ड्रोनचे तुकडे वेगळे पडताना दिसले. मग पंख पुन्हा उघडला, पण फार खाली गेल्यावर, आणि ते उतरायच्या मैदानाऐवजी धारेखालच्या खाचरांत, एका बांधाच्या पलीकडे दिसेनासे झाले.

आम्ही जीपने खाली निघालो. मी नानांचं नाव मनात घेत होते.

नाना बांधाला टेकून बसले होते. चेहऱ्यावर माती, उजवा हात छातीशी धरलेला. किसनभाऊंनी त्यांचं हेल्मेट काढून ठेवलं होतं आणि ते त्यांच्या मानेला हात लावून दुखतंय का विचारत होते. त्यांचा स्वतःचा कोपर सोलवटलेला होता. निखिल धावत गेला आणि त्याच्या तोंडून पहिलं काय निघालं असेल, तर सेन्सर फेल कसे गेले कळत नाही.

किसनभाऊंनी मान वर केली. आवाज चढवला नाही. "त्याला दोऱ्या न्हाई दिसल्या. तुमाला तर वडील दिसत हुते की."

निखिल मातीत गुडघे टेकून नानांपाशी बसला आणि इथला भाग हिरवा आहे, परवानगी आहे, असं काहीतरी पुटपुटू लागला.

"मला विचारलं होतंस का?" नाना म्हणाले.

त्यानंतर ते त्याच्याशी तळेगावच्या दवाखान्यातही बोलले नाहीत, घरी येईपर्यंत गाडीतही नाही. मनगटाचं हाड मोडलं होतं. बाकी सगळं शाबूत होतं, वय पाहता नशीब थोर, असं डॉक्टर म्हणाले. किसनभाऊ प्लास्टर होईपर्यंत आमच्यासोबत बाकावर बसून होते. तो पंख आता तपासणीला पाठवणार आणि तोवर त्याच्यावर कुणाला नेणार नाही, असं त्यांनी नानांना सांगितलं. दोघांनी दोऱ्यांबद्दल थोडं बोलून घेतलं. निघताना ते नानांच्या पाया पडले.

कामशेतला जरूर जा. किसनभाऊंसारखी माणसं तिथे आहेत, आणि जेमतेम चादरीएवढ्या जाड कापडावर ती तुमचा जीव सांभाळून नेतात. ड्रोन मात्र घरी ठेवा. मी यंत्रांच्या विरोधात नाही. आमच्या मावसभावाच्या शेतावर औषध फवारणारा ड्रोन मी पाहिलाय, त्यात त्याच्या फुप्फुसांचं भलंच आहे. पण ज्याला पाच मिनिटं मान वर करून आपल्या बापाकडे नुसतं पाहता येत नाही, त्याच्या हातात उडणारं काही देऊ नये. आकाश सगळ्यांसाठी खुलं झालंय असं जाहिरातीत म्हणतात. आमच्या घरापुरता त्याचा अर्थ एवढाच निघाला की आजवर जमिनीवर करायचा तो उद्धटपणा आता वरही करता येतो.

सोमवारी निखिलच्या फोनवर एक छोटी चित्रफीत आपोआप तयार होऊन आली. पडण्याआधीच ड्रोनने बरंचसं चित्रण फोनला पाठवलं होतं, आणि त्या अॅपने स्वतःच्या बुद्धीने त्यातले तुकडे निवडून, मागे बासरी घालून, शेवटी सूर्यास्त डकवला होता. दोऱ्यांचा प्रसंग त्याने सफाईने गाळला होता. नानांचं हसू मात्र अगदी जवळून होतं. निखिलने ती शेवटपर्यंत पाहिली आणि मग पुसून टाकली. मी थांबवलं नाही. अॅपने लगेच विचारलं, आजचं उड्डाण कसं वाटलं?

रात्री जेवायला बसलो. नाना डाव्या हाताने चमच्याने आमटी-भात खात होते. निखिलने त्यांच्या ताटात आमटी वाढली. मग खाली बघतच त्याने विचारलं, "नाना, वर कसं वाटलं?"

नानांनी चमचा ताटात ठेवला. दोन दिवसांत त्यांना हे कुणीच विचारलं नव्हतं, मीही नाही.

"आवाज नव्हता," ते म्हणाले. "नोकरीत विमान म्हटलं की कानात बोळे. मालाच्या विमानातून कितीदा गेलो, पण पोत्यांच्या मधे बसून, खिडकीसुद्धा नाही. मला वाटायचं, उडणं म्हणजे एवढा गोंगाट असणारच. आणि इथं काही नाही. खाली कुणीतरी बैलाला हाक मारली ती ऐकू आली. पेंढा जाळल्याचा वास वरपर्यंत येत होता. एक घार आमच्या खालून गेली. घारीची पाठ मी कधी पाहिली नव्हती रे. तपकिरी असते, कडेला फिकी. मी किसनला म्हटलं, बोलू नकोस. तोही गप्प राहिला."

निखिल ऐकत होता.

"मग?" त्याने विचारलं.

"मग तू आलास," नाना म्हणाले, आणि ताट उचलायला उठले.