साहेबांच्या घड्याळासाठी चावलेले तांदूळ

ऐंशीच्या सुमारास मी हिंगण्याच्या एका छोट्या कारखान्यात टायपिस्ट होते. एके सकाळी मॅनेजरसाहेबांचं मनगटी घड्याळ हरवलं. टेबलावर काढून ठेवलं होतं म्हणे. केबिन झाडायला एकच बाई जायची. तिचा नवरा गेलेला, दोन मुलींचं पोट तिच्या पगारावर. दुपारपर्यंत सगळा कारखाना तिच्याकडेच बघू लागला. "मले काहून चोर ठरवून राहिले? म्या हातबी नाई लावला," एवढंच ती सांगत राहिली.

पोलिसांत गेलो तर बदनामी, म्हणून साहेबांनी घरून तांदूळ मागवले. प्रत्येकानं कोरडे तांदूळ चावून थुंकायचे. ज्याचे कोरडेच निघतील तो चोर. खेड्यातला जुनाच प्रकार, पण साहेब पडले इंजिनिअर. त्यांनी आम्हाला खोटं पकडणाऱ्या मशीनवर लेक्चर दिलं. छातीला पट्टा, दंडाला पट्टा, बोटांना तारा. आधी नाव-गाव विचारतात, मग मुद्द्याचं. खोटं बोलताना श्वास, नाडी, घाम बदलतो आणि कागदावरची रेघ उडते. पोलीस तपासाची दिशा ठरवायला ते वापरतात. कोर्ट त्याला पुरावा मानत नाही, हे शेवटचं त्यांनी पुटपुटत उरकलं. "आपलं तत्त्व तेच. भीतीनं तोंड कोरडं पडतं."

मी म्हटलं, "सर, खरं बोलणाराही घाबरतोच की."

"टायपिंग झालं का तुमचं?" ते म्हणाले.

कँटीनच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं. एकेक जण येऊन थुंकू लागला आणि साहेब वाकून, पेन्सिलीनं उकरून, बघू लागले. एका फिटरच्या तोंडात दिवसभर तंबाखू-सुपारीचा खर्रा. त्यानं तपकिरी, लाळेनं भिजलेला लगदा टाकला. "ओके!" साहेब खूश. चिळस आली मला. माझेही तांदूळ ओले निघाले. माझ्यावर संशय होताच कुठे?

शेवटी बाई. तिनं सकाळपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता. "थुक वं लवकर," मागून कुणीतरी हसत म्हणालं. तिनं खूप वेळ जबडा हलवला. कागदावर पडली ती नुसती पांढरी भुकटी. ती रडलीसुद्धा नाही. तिथल्या तिथे तिला कामावरून काढलं.

चार-पाच दिवसांनी साहेबांच्या मनगटावर तेच घड्याळ दिसलं. घरी बाथरूमच्या फळीवर सापडलं, असं ते हसत हसत सांगत होते. माझं डोकं फिरलं. मी विचारलं, "मग बाईला परत बोलवायचं ना, सर?"

साहेबांना खरंच आश्चर्य वाटलं. "आता कसं बोलावणार? चारचौघांसमोर चोर ठरली आहे ना ती."