दसऱ्याचं अपग्रेड

आता माझ्या हुशारीचं काय काय सांगू तुम्हाला! पण हा एक पराक्रम ऐकाच, चहा थंड झाला तरी चालते.

मी दवनीवाड्याचा लग्नाचा फोटोग्राफर. गावोगावचे अल्बम वेळेत देतो, फक्त माझ्या सख्ख्या साळीचा राहिला होता. घरचं काम सगळ्यात शेवटी, हा आमच्या धंद्याचा नियमच आहे. लग्न झालं उन्हाळ्यात, अन् दसरा आला तरी अल्बमचा पत्ता नाही. दिवाळीला ती न्यायला येणार होती. फोटो होते फक्त लॅपटॉपमध्ये. कॅमेऱ्याचं कार्ड मी कधीच पुसून पुढच्या लग्नाला लावलं होतं.

दसऱ्याच्या सकाळी, मुहूर्त चांगला म्हणून, लॅपटॉप अपग्रेडला लावला. इकडे अपग्रेड चालू, तिकडे पूजा. कॅमेरा, गाडी, विळा, सगळ्यांना हळदकुंकू लावलं. लॅपटॉप तर नवाच होऊन राहिला होता, मग त्याच्यापाशी हात आखडता कायले घ्यायचा? मूठभर ओल्या अक्षता टाकल्या, अगदी मनापासून.

लॅपटॉप बंद झाला, चालू झाला अन् निळं पान आलं. इंग्रजीत काहीबाही लिहिलेलं. पुन्हा चालू केला, पुन्हा तेच पान. तिसऱ्यांदा नमस्कार करून चालू केला, तरी तेच राजेहो!

बायको, म्हणजे सुनीता, सोनं द्यायला आली. असं तोंड करून काऊन बसले म्हणे. मी म्हटलं, अपग्रेड चालू आहे. तिनं लगेच बहिणीला फोन लावून सांगितलं, तुझा अल्बम आता नव्या सिस्टिमवर होऊन राहिला. झालं कल्याण!

मोबाईलवर व्हिडिओ पाहिले. एक म्हणे अपग्रेड अर्धवट राहिलं, दुसरा म्हणे डिस्क गेली. तिसरा हसत हसत सांगे, सगळं पुसून टाका अन् नव्यानं सुरुवात करा. त्याला साळी नसावी.

दुसऱ्या दिवशी सुनीताला काहीतरी थाप मारून गोंदिया गाठलं. रस्त्यात मारोतीला नारळ कबूल केला. लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानदाराला ठणकावून सांगितलं, या अपग्रेडनं माझा लॅपटॉप खाल्ला. तो शांतपणे म्हणाला, "फॉर्मॅट करना पडेगा शायद. डाटा जाएगा, चलेगा?"

माझ्या डोळ्यांपुढे साळी, सासू अन् त्यांच्यामागे सुनीता, अशी वरातच उभी राहिली. मी हात जोडले. बरं, आधी डिस्क काढून पाहतो म्हणत त्यानं लॅपटॉप उलटा केला अन् जरा ठोकला. टेबलावर टपटप तांदूळ पडले. कुंकवानं लाल झालेले.

तो तांदळाकडे पाहे, मी पंख्याकडे.

"भैया, ये लॅपटॉप है कि राइस मिल?"

अजून एक दाणा एका बटणाखाली रुतून बसला होता, त्यामुळे ते बटण दाबलेलंच राहिलं. अन् नेमकं तेच बटण दाबलेलं असलं, की लॅपटॉप दरवेळी सेटिंगचंच पान उघडते. त्यानं दाणा सुईनं काढला अन् लॅपटॉप चालू! अपग्रेड बिचारं केव्हाच नीट झालं होतं. पडद्यावर साळी हार घालून उभी. इतका आनंद तिच्या नवऱ्यालाही झाला नसेल. मी दुकानदाराला मिठीच मारली.

घरी आलो तो मात्र गंभीर चेहरा करून. फार मोठा बिघाड होता, पार डिस्कपर्यंत गेला होता, मी होतो म्हणून फोटो वाचले, असं सुनीताला सांगितलं. तिचे डोळे भरून आले. तशीच आत गेली अन् पूजेचं ताट घेऊन आली. त्यात निरांजन, हळदकुंकू अन् मूठभर अक्षता.

मी लॅपटॉपवर आडवा पडलो. "अक्षता टाकू नोको!"

"काऊन?"

मग दुकानातल्या तांदळाचं सांगावंच लागलं. ती हसत हसत खालीच बसली अन् बसल्या बसल्या बहिणीला फोन लावला.

अल्बम दिवाळीला दिला, सगळे खूश. पण तेव्हापासून सासरकडच्या कोणत्याही लग्नात अक्षता वाटणारा माझ्यापाशी आला, की साळी मांडवाच्या त्या टोकावरून ओरडते, "भाऊजीले तांदूळ देऊ नोका, नवरदेव बंद पडन!"