करवतीचे दात आणि एक माऊस

माझा पाय न्हाणीघरात साबणावरून घसरून मोडला, झाडीपट्टीच्या नाटकातलं पद गाताना, ऐन तानेवर. लोकांना मी स्कूटरचा अपघात सांगतो. महिनाभर जवाहरनगरला, बायकोच्या नोकरीच्या क्वार्टरमध्ये, पाय उशीवर ठेवून पडायचं होतं आणि मनातून मी बेहद्द खूश होतो.

कारण विणकर संस्थेच्या ऑफिसात मी कॉम्प्युटरवर कोशाच्या रेशमी साड्यांचे काठ-पदर काढतो, आणि सुतासाठी ताटकळलेले विणकर पाठीशी उभे राहून मला अक्कल शिकवतात. आता ऑफिसचा कॉम्प्युटर घरून चालवायचा! एकांतात!

पहिल्याच दिवशी चार वाजेपर्यंत करवती काठाचं डिझाईन एका मोठ्या दुकानाला पाठवायचं होतं. पसंत पडलं तर दिवाळीपर्यंत मागांना काम, नाही तर माग बंद. मॅनेजर बाहेरगावी. म्हणून सगळ्यात जुन्या विणकराला, आमच्या काकाजींना, फोन लावून कॉम्प्युटर जोडणारं अ‍ॅप उघडायला लावलं.

"काकाजी, नऊ आकडी नंबर दिसते का?"

"दिसते ना. कायले पाह्यजे तुले?"

"तो सांगितला का मले इथून कॉम्प्युटर चालवता येते."

"आन् मी नाई सांगतलो तं?"

"तं माग बंद, काकाजी."

नंबर लगेच मिळाला. पासवर्ड मात्र त्यांनी कुजबुजत सांगितला. "बाजूले लोक हायेत ना गा."

माझ्या मांडीवरच्या लॅपटॉपवर ऑफिसचा स्क्रीन अवतरला. मी काठाचे करवती दात काढू लागलो, एकेक टोक सुईसारखं. पंधरा मिनिटांत काकाजींचा फोन.

"दात लय बारीक केले तू."

"तुमाले कसं माईत?"

"सामनेच तं दिसून राह्यले! धा जन बसलो आहोत बाकावर. रोज तुहं डोस्कं मधात येत होतं, आज साफ दिसते."

तिथला पडदा चालूच आहे हे मला सुचलंच नव्हतं. मी बाणेदारपणे काम पुढे रेटलं. आणि पाहतो तर एक दात आपोआप पुसला गेला. मग दुसरा. इतकी वर्षं माझ्या पाठीशी उभं राहून काकाजी खोडरबर कुठे असतो तेवढं नेमकं शिकले होते. मी माऊसचा बाण उजवीकडे ओढला, त्यांनी डावीकडे. तो बिचारा मधोमध थरथरत राहिला.

"काकाजी, माऊस सोडा!"

"तू सोड गा!"

"कोनासंग भांडून राह्यले?" स्वयंपाकघरातून बायको.

"हे काय उंदराचे दात होत का?" काकाजी फोनवर तापले. "इनता इनता माहे उरलेले पडतीन! सुताचे तीन धोटे हातानं फिरवा लागते एका दातासाठी. चित्र पसंत पडन, पन दिवाळीले साडी कोन देईन? तू?"

मी कॉम्प्युटरवर शंभर दात चहा थंड व्हायच्या आत काढतो. मागावर मी आयुष्यात एकही विणलेला नाही. मी माऊसवरचा हात उचलला.

मग मी काढायचं आणि काकाजींनी पुसायचं, असा प्रयोग रंगला. बाकावरून दहा दिग्दर्शक. दात रुंद झाले, कमी झाले, आणि खरं सांगतो, काठ उठून दिसू लागला. चारला पाच कमी असताना डिझाईन गेलं.

अर्ध्या तासात उत्तर आलं: पसंत आहे, ऑर्डर नक्की, डिझाईन कोणाचं? मी तत्परतेने 'माझं' असं टाईप केलं. डोळ्यांदेखत ते शेवटाकडून पुसलं जाऊ लागलं.

"काकाजी!"

"आमी वाचून राह्यलो ना गा."

मी मुकाट्याने 'आमचं' लिहिलं. बाकावरच्या शेवटच्या माणसाने वाचून होईपर्यंत काकाजींनी ते मला पाठवू दिलं नाही.