'सोंग' शब्द खोडला

"सोंग? कोन्तं सोंग?" विमलाबाईंनी विळा खाली ठेवला. शब्द माझाच होता.

मी गोंदियाची. संशोधनासाठी मुलाखती घेते. त्या वर्षी विषय होता, घरात बायकांचे कपडे घालणाऱ्या पुरुषांबद्दल त्यांच्या बायकांना काय वाटतं. बोलायला बाई मिळणंच मुश्किल! विमलाबाई (नाव बदललंय) तयार झाल्या, पण घरी नाही म्हणाल्या. म्हणून दवनीवाड्याकडच्या त्यांच्या धानाच्या बांधीवर, म्हणजे शेतावर, आम्ही बसलो होतो. धान निसवलं होतं, लोंब्या बाहेर आल्या होत्या. बाजूच्या बोडीतलं, म्हणजे छोट्या तळ्यातलं, पाणी हलतही नव्हतं. फोनला रेंज नाही, माणूस नाही, ऊन असं की डोळे आपोआप मिटावेत. मी कामावर आलेय हेच मधूनमधून विसरायला होत होतं.

मुलाखतीच्या फॉर्ममध्ये आमच्या संशोधनाच्या प्रमुख सरांनी 'स्त्रीवेश' लिहिलं होतं. असला पुस्तकी शब्द इकडे कोण बोलतं? आमच्या दंडारीत, म्हणजे गावच्या नाटकात, पुरुष बाईचं काम करतात, त्याला सोंग म्हणतात. तोच शब्द मी मोठ्या हुशारीने प्रश्नात टाकला. अतिशहाणपणा, दुसरं काय!

"सोंग दंडारीत असते मॅडम, लोकायले हासवाले," त्या म्हणाल्या. "माह्या नवरा कोणाले दाखवाले नाही नेसत. दार लावते, लुगडं नेसते, तांदूळ निवडत बसून राहते. तवा त्याचा चेहराच शांत होते. दिवसभर असा नाही दिसत तो."

मी माफी मागितली. त्यांच्यासमोरच वहीतला 'सोंग' शब्द खोडला. मग विचारलं, "तुम्हाला राग नाही आला कधी?"

"आला ना! माहेरी जावाले पिशवी भरली होती. तं हा आपला निऱ्या घालून राहिला आन त्या सुटून राहिल्या. मले हासूच आलं. आता नेसवून द्याचं काम माह्याकडेच."

बोडीवरून बगळा उडाला. तो दिसेनासा होईपर्यंत आम्ही दोघीही बघत राहिलो.

मग त्या हळूच म्हणाल्या, "बाकीच्या बायका काय म्हणतात? बारा वर्षं झाले, कोणापाशी बोलली नाही. का मीच एक येडी हाये?"

बाई मुलाखतीला तयार झाली ती हेच विचारायला. आमच्या कामात याला सक्त मनाई. एकीचं बोलणं दुसरीला सांगायचं नाही, नाहीतर तिचं उत्तर आपल्यामुळे वळतं. आणि दोनच दिवसांपूर्वी दुसऱ्या एका बाईने मला अगदी हेच विचारलं होतं. तिला मी नियमाप्रमाणे गप्प बसून परत पाठवलं होतं.

"तुम्ही एकट्या नाही, बाई," मी म्हणाले.

"खरं?"

"खरं."

त्यांनी पदर तोंडाला लावला. आधी रडल्या, मग हसल्या. माझेही डोळे भरून आले, लपवायचं कशाला.

दुसऱ्या दिवशी सरांचा फोन. "फॉर्ममध्ये दोनच रकाने आहेत, स्वीकार की सहन? टिक कुठे करायची?"

"दोन्हीत बसत नाही, सर." आणि घडलं ते सगळं सांगितलं.

"म्हणजे उत्तरावर तुम्ही प्रभाव टाकलात. मुलाखत बाद."

"करा."

तेव्हापासून मी शब्द घेऊन जात नाही. तुम्ही घरी याला काय म्हणता, हे बाईलाच विचारते. मुलाखत बाद झाल्याचं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण त्याहून जास्त वाईट वाटतं त्या आधीच्या बाईचं, जिला मी काहीच सांगितलं नाही.