बनुबाईंचं दार पक्षकार्यात

माळीवाड्यातल्या बनुबाईंच्या खानावळीला पाटी नाही. कधी गरजच पडली नाही. स्टँडवर उतरलेल्या माणसाने "बनुबाईंचं कुठं?" म्हणून विचारलं, की हमाल मान वर न करता सांगतो, "सरळ जावा. ज्या गाळ्याला दार न्हाई, ते बनुबाईंचं."

दार मोडलं नव्हतं की चोरीला गेलं नव्हतं. बनुबाईंचं माहेर शनिशिंगणापूर. तिथल्या घरांना दारं नसतात. कुत्रं शिरू नये म्हणून फार तर एक फळी आडवी लावायची, बास. अशा गावात वाढलेली बाई लग्न होऊन नगरला आली. नवरा राहुरीकडच्या साखर कारखान्यात लागला आणि हंगामभर तिकडेच राहू लागला, तेव्हा तिने छगनशेठचा हा गाळा भाड्याने घेऊन खानावळ काढली. पहिल्याच दिवशी दार लावून बघितलं आणि तिला दरदरून घाम फुटला.

"शनिदेवाला काय वाटंल ते त्यो द्येव जानं," बनुबाई सांगतात. "मला आपलं कनगीत घालून वरून लिपल्यागत झालं."

त्यांनी रंभाजी सुताराला बोलावलं, बिजागऱ्यांचे स्क्रू काढायला लावले, दार उचलून आत भिंतीशी उभं केलं आणि चौकटीला गोणपाटाचा पडदा अडकवला. मालकाला विचारायचं असतं हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही. जिथे दार नसणं हीच रीत, तिथल्या बाईला दार काढणं म्हणजे भिंतीवरचं जळमट काढण्याइतकीच मोठी गोष्ट.

पण शहरात रिकामी फळी उभी दिसली की लोकांना कामं सुचतात. कुरडया वाळत घालायला दार न्यायचं. लग्नघरी पंगतीची भांडी मांडायला न्यायचं. एकदा तर छपरावरून पडलेल्या माणसाला त्याच्यावर निजवून सिव्हिल हॉस्पिटलात नेलं. न्यावं, आणावं, भिंतीला टेकवावं. बाहत्तरच्या निवडणुकीत पक्षाची पोरं आली. सभेच्या स्टेजला फळ्या कमी पडत होत्या. बनुबाई म्हणाल्या, "न्या की. मला कुठं लावायचंय?"

ते दार काही परत आलं नाही. निवडणूक झाली, गुलाल झाला, गुलाल धुऊनही निघाला. बनुबाई पक्षाच्या कचेरीत विचारायला गेल्या, तर तिथल्या पोऱ्याने खुर्चीवरून न उठता सांगितलं, "मावशी, दार सध्या पक्षकार्यात आहे."

हे बनुबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला अगदी त्याच्याच सुरात सांगायच्या, आणि जेवणाऱ्यांना ठसका लागायचा.

हसणं थांबलं ते दिवाळीनंतर. छगनशेठना स्टँडजवळच्या त्या गाळ्यात बुटांचं दुकान काढायचं होतं. कायदा भाडेकरूच्या बाजूने, म्हणून उठवता येत नव्हतं. शेठ रोज संध्याकाळी समोरून जायचे, तपकिरीची चिमूट ओढायचे आणि नाकातल्या नाकात म्हणायचे, "चालू द्या, चालू द्या." एका संध्याकाळी त्यांनी पडद्याकडे बघितलं, चिमूट हातातच राहिली, आणि दुसऱ्या आठवड्यात वकिलाची नोटीस आली: भाडेकरूने जागेची नासधूस केली, मालकाचं दार काढून परस्पर विकलं, सबब गाळा खाली करावा.

भिंगारच्या डेपोत कामाला जाणारी माणसं, एसटीचे ड्रायव्हर, खेड्यातून शिकायला आलेली पोरं, सगळी दुष्काळाच्या दिवसांत बनुबाईंच्या रेशनवरच्या मिलो ज्वारीच्या तांबड्या भाकरीवर जगत होती. गाळा गेला तर बनुबाईंना नगरात दुसरा मिळणार नव्हता. नवा गाळा म्हणजे पागडी, आणि पागडी कुठली?

त्यांना आठवले आप्पासाहेब. पक्षाचे शहराध्यक्ष. आप्पासाहेबांसारखं बोलायचं असेल तर आधी पोटात हवा भरून घ्यायची, मग हनुवटी गळ्यात खुपसायची आणि शब्दाचे तुकडे करून एकेक तुकडा खाली ठेवायचा: "सर्व. सामान्य. भाडे. करू." निवडणुकीत त्यांनी असंच सांगितलं होतं, की भाडेकरूच्या केसालाही धक्का लागू देणार नाही. आणि निवडणुकीनंतर तेच आप्पासाहेब म्हणू लागले, की कायदा फार जुना झाला, दुकानांच्या गाळ्यांना तो नको, तसा ठराव मुंबईला पाठवू.

झालं! गावात दुसरा विषय उरला नाही. केशकर्तनालयात एका गालाला साबण तसाच ठेवून माणसं भांडायची.

"आप्पासाहेब फिरले!"

"फिरले काय? खरं बोलले. जर्मनच्या लढाईच्या आधीच्या भाड्यात आज कौलं तरी येतात का?"

"मग आधी का नाही बोलले?"

"आधी मतं हवी होती. तुम्ही तरी दिली असती का?"

शेवटी वाचनालयाने जाहीर चर्चा ठेवली. मैदानात पक्षाकडून मागून आणलेल्या फळ्यांचं स्टेज, कर्णा, दोन खुर्च्या. एका बाजूला आप्पासाहेब, दुसऱ्या बाजूला भाडेकरू संघाचा चिटणीस आसाराम. आसाराम एसटीत टाइमकीपर. गाड्या सोडायची सवय, म्हणून भाषणही तसंच, धडाधड, मध्ये थांबा नाही. पुढच्या रांगेत छगनशेठ. त्यांच्यामागे बनुबाई. चर्चा संपली की आप्पासाहेबांना गाठायचं आणि शेठला दोन शब्द सांगा म्हणायचं, एवढाच त्यांचा बेत होता.

आसारामने कायदा का हवा ते सांगितलं. कायदा गेला तर सकाळी एक भाडं आणि संध्याकाळी दुसरं, असं होईल म्हणाला. टाळ्या पडल्या. मग आप्पासाहेब उठले. खरं सांगायचं तर ते वाईट बोलले नाहीत. त्यांनी तोफखाना भागातल्या एका म्हाताऱ्या विधवेचं सांगितलं. तिचं स्वतःचं घर, भाडं इतकं थोडं की छप्पर गळतं तिच्या अंगावर आणि भाडेकरू खालच्या मजल्यावर कोरडे. लोक माना डोलवू लागले. आसारामनेही मान हलवली. आप्पासाहेब तिथेच बसले असते तर जिंकलेच होते.

पण टाळ्या आल्या आणि त्यांना जोर चढला.

"आणि दुसरी. कडे. भाडे. करू!" असं म्हणून त्यांनी पाय आपटला. सतरंजीखाली काहीतरी वाजलं. खळ्ळ.

"मालकाच्या जागेची. ना. सधूस!" पाय. खळ्ळ.

बनुबाईंनी मान वर केली.

"इथेच, माळीवाड्यात, एका बाईने गाळ्याचं दार. दार विकून खाल्लं!" खळ्ळ, खळ्ळ.

छगनशेठ मागे वळून बघत होते. लोकही बघायला लागले. बनुबाई उठल्या, पदर खोचला आणि सरळ स्टेजपाशी गेल्या.

"आप्पासाहेब, जरा बाजूला सरा."

"बाई, प्रश्न शेवटी."

"प्रश्न न्हाई, माझं दार हाय. तुमी त्याच्यावर उभे हायेत."

कर्ण्यातून आप्पासाहेबांचा श्वास ऐकू आला. वाचनालयाचे लोक "अहो बाई, अहो बाई" करत धावले, तोवर बनुबाईंनी सतरंजीचं टोक उचलून मागे टाकलं होतं. खाली फळ्या, आणि फळ्यांच्या मधोमध एकसंध दार. त्याची लोखंडी कडी, बिजागऱ्यांची भोकं आणि कोपऱ्यात नगरपालिकेची घरनंबराची पत्र्याची पट्टी.

"शेठ, या की वर," बनुबाई म्हणाल्या. "तुमच्याच गाळ्याचा नंबर हाय का न्हाई, वाचा."

छगनशेठ वर चढले. वाकले. आधी वाचलं, मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं. "नंबर... आहे आपलाच," ते नाकातून म्हणाले.

मैदानात जे झालं त्याला हसणं म्हणत नाहीत. आसाराम खुर्चीतून खाली घसरला होता. मागून कुणीतरी ओरडलं, "आप्पासाहेब, सांभाळून! नासधूस होईल!"

पण आप्पासाहेब काही उगाच शहराध्यक्ष झाले नव्हते. त्यांनी हात वर केला, हशा ओसरू दिला आणि म्हणाले, "हे दार पक्षाने. जपून. ठेवलं होतं. उद्या मी स्वतः ते बसवून देणार. आणि छगनशेठ नोटीस मागे घेणार!"

छगनशेठ कच्च्या गुरूचे चेले नव्हते. "घेतो," ते म्हणाले, "पण दार लागलं पाहिजे. नीट. कडी घालून. दार लागलं नाही तर ते दार कसलं? मी कोर्टात जाणार."

सगळ्यांनी बनुबाईंकडे बघितलं. त्या काय बोलतात? ज्या बाईला कणगीत घातल्यागत होतं, ती दार लावून घेईल?

"बसवा," बनुबाई म्हणाल्या. "लावून बघा तुमीच."

दुसऱ्या दिवशी दुपारी दार वाजतगाजत आलं. पुढे आप्पासाहेब, मागे दार उचलणारी पोरं, त्यांच्यामागे निम्मा माळीवाडा. रंभाजी सुताराने दार हातात घेऊन एक डोळा मिटून बघितलं आणि जीभ चावली.

"येडंवाकडं झालंय, साहेब. पीळ पडलाय. लई भाषनं झाली याच्यावर."

"बसव, बसव," आप्पासाहेब म्हणाले.

दार बाहेरच्या अंगाला उघडणारं, बिजागऱ्या रस्त्याकडे. रंभाजीने ती बसवली. दार उघडं ठेवलं तर देखणं दिसत होतं. लावायला गेलं की वरचा कोपरा चौकटीला अडायचा. छगनशेठ खूश झाले. "लागत नाही! बघा, लागत नाही!"

"का नाही लागत?" आप्पासाहेबांनी बाह्या वर केल्या. "आतून ओढा. या शेठ, तुम्हीच कडी घाला, म्हणजे नंतर तक्रार नको."

दोघे आत गेले. बनुबाई आतच होत्या, चुलीवर भाकऱ्या चालल्या होत्या. आतून दोघांनी कडी धरून ओढलं. दार करकरलं, आणि दण्णकन चौकटीत जाऊन बसलं. बाहेर आम्ही टाळ्या वाजवल्या. आत कडी सरकल्याचा आवाज आला.

"लागलं!" आप्पासाहेबांचा विजयी आवाज. "शेठ, लागलं. मान्य?"

"मान्य," छगनशेठ नाराजीने म्हणाले. "आता उघडा."

कडी सरकली. मग धक्का. मग मोठा धक्का. दार तसूभर हललं नाही.

यापुढचं दिसलं नाही, पण ऐकू सगळं आलं.

"अहो, ढकला."

"मी ढकलतोच आहे, तुम्ही ओढताय!"

"बाई, ती चूल जरा..."

"चूल कशी इझवू? बाहीर मानसं जेवायची हायेत."

त्या गाळ्याला खिडकी नव्हती. इतकी वर्षं धूर निघून जायचा तो बिनदाराच्या चौकटीतून, हे तोवर कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. आता दाराच्या फटींतून निळ्या रेषा बाहेर यायला लागल्या. खोकला सुरू झाला. आप्पासाहेबांचा खोकलासुद्धा तुकड्यातुकड्यानेच होता. तेवढ्यात तव्यावर मिरच्या पडल्याचा चर्र आवाज आला.

"बाई, मिरच्या नको!"

"ठेच्याच्या हायेत, शेठ. रोजच्याच."

"रंभाजी!" छगनशेठ ओरडले. नाकातला आवाज कुठल्या कुठे गेला, चांगला खणखणीत घशातून आला. "काढ! काढ ते दार!"

रंभाजीने पेचकस हातात घेतला. पण आतून बनुबाई म्हणाल्या, "थांब रं रंभाजी. हात लावू नगंस. शेठ, मागच्या बारीला मी काढलं तर नोटीस आली. आता कोन काढायला सांगतंय?"

"मी सांगतोय!"

"मी मंजे कोन? बाहीर ऐकू जात न्हाई."

"मी! मालक! छगनलाल!" आणि खोकला.

"काढून आत ठिवायचं, का पुन्ना बसवायचं?"

"ठेवा आत! बसवायचं नाही! कधीच नाही!"

"आनि गाळा?"

इथे दोन क्षण नुसती मिरची वाजत राहिली.

"शेठ," आप्पासाहेब गुदमरल्या आवाजात म्हणाले, "द्या हो सांगून. मला श्वास."

"गाळा तुमच्याकडेच! नोटीस मागे! पण काढा मला!"

"मंडळी," आसारामने सगळ्या गल्लीला विचारलं, "स्टँडपर्यंत ऐकू गेलं का?"

"गेलं!" म्हणून जो कल्ला झाला, त्याने स्टँडवरची माणसंही उठून उभी राहिली असतील.

रंभाजीने स्क्रू काढले, पटाशी घालून दार चौकटीतून उपसलं. धुराबरोबर आधी छगनशेठ बाहेर पडले, मग आप्पासाहेब. दोघांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. लांबून बघणाऱ्याला वाटावं की भाडेकरूंच्या दुःखानेच दोघे इतके कळवळले आहेत. आप्पासाहेबांना कुणीतरी तांब्या दिला. त्या दिवशी त्यांनी भाषण केलं नाही, आणि ठराव मुंबईला गेला की नाही ते मला ठाऊक नाही. नोटीस मात्र शेठनी मागे घेतली, आसारामला साक्षीला ठेवून.

बनुबाई मागून आल्या त्या हातात भाकऱ्यांची टोपली घेऊनच. त्यांच्या डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता. रंभाजीने दार खांद्यावर घेऊन विचारलं, "कुठं ठिवू, मावशी?"

"आत, भिताडाला." मग त्या छगनशेठकडे वळल्या. "शेठ, आता रोज येता-जाता आत डोकावून बघत चला. दार हाय का न्हाई ते. आन आज आलाच हायेत तर जेवून जावा. ठेचा ताजा हाय."