दाजींचे शार्क

समुद्रापासून इतक्या लांब जन्मून समुद्रातल्याच एका जनावरावर जन्मभर जीव लावणारा माणूस आमच्या सोलापूर जिल्ह्यात माझ्या दाजींखेरीज दुसरा झाला नसेल. मैंदर्गीच्या शाळेत भिंतीवरच्या तक्त्यात त्यांनी शार्क पाहिला आणि तो खरा बघायचा म्हणून मोठेपणी मालवाहू बोटीवर स्वयंपाकी झाले. लग्नानंतरही अक्काला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, सोलापुरात ठेवून ते बोटीवरच राहिले. सुट्टीला आले की घरच्यांची खुशाली विचारायच्या आधी शार्कची सांगायचे.

एकदा भर समुद्रात इंजिन बंद पडलं आणि एक शार्क दिवसभर बोटीभोवती फिरत राहिला. बाकीचे कठड्याजवळ फिरकेनात. हे मात्र ओणवून "बारप्पा, बारप्पा" अशी त्याला कन्नडमधून 'ये रे बाबा'ची हाक मारत होते. कन्नडच का, असं मी विचारलं, तर म्हणाले, "आमी बैलाशी कन्नडच बोलतो की. जनावराला मराठी कळतंय व्हय?" संध्याकाळी तो खोल निघून गेला, तेव्हा सगळ्यांना वाढून हे स्वतः उपाशी झोपले. त्याच्या काळ्याभोर डोळ्याबद्दल सांगताना त्यांचा आवाज देवळात बोलल्यासारखा खाली यायचा, आणि मग आम्हीही थट्टा थांबवायचो.

त्यांच्या मुलीला बघायला पाहुणे आले होते. मुलाचे वडील चहा पिता पिता म्हणाले, "मुलगी छान आहे, दात तेवढे जरा पुढं आहेत." दाजींनी कायम खिशात बाळगलेला शार्कचा दात शांतपणे काढून त्यांच्या बशीशेजारी ठेवला. "ह्याचा दात पडला की मागनं नवा येतोय. तुमचं कसं हाय?" पाहुण्यांनी तोंडातली कवळी सावरली, आणि ते एकदम खो खो हसत सुटले. सोयरीक जमली, पण अक्का कितीतरी दिवस दाजींशी धड बोलली नाही.

गेल्या वर्षी दाजींनी अंथरूण धरलं. एक दिवस म्हणाले, "माझ्या अस्थी समुद्रात सोडा. त्यांच्यात जाऊ द्या मला."

अक्का ताडकन उठली. "जित्तेपणी समुद्रालाच दिलं की तुमाला! आपली सगळी माणसं भीमेत गेली, मी बी तितंच जाणार. मग तुमी कुटं आन् मी कुटं?"

दाजींनी तिच्याकडं मान वळवली. मग म्हणाले, "बरं. तू म्हणशील तितं." त्यानंतर त्यांनी शार्कचं नाव काढलं नाही. आपण जिंकलो याचं अक्काला सुख नव्हतं. तीच अधूनमधून काहीतरी विचारून बघायची, आणि दाजी नुसते हसायचे.

ते गेले. भीमेवर जायची सगळी तयारी झाली होती. अस्थींचा कलश मांडीवर घेऊन बसलेली अक्का मला म्हणाली, "कोकणाची गाडी कवा हाय, बघ."

तिनं समुद्र कधी पाहिलाच नव्हता. गुडघाभर पाण्यात शिरून तिनं कलश रिकामा केला. मला रडू आवरेना. तिचे डोळे मात्र कोरडे होते. घरातल्या माणसांशी बोलावं तशी ती पाण्याशी बोलली, "न्हेलासा न्हवं शेवटी? आता त्यांच्याकडं नीट बघा. भूक लागली तरी सांगत न्हाईत ते. जेवायला हाक मारायला लागती."

मग माझा हात धरून ती हळूहळू पाण्याबाहेर आली.